निवासी प्रशिक्षणाचा उंबरठा
अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांची प्रशिक्षणनिवड आणि त्यांचे व्यावसायिक भवितव्य

आमच्या जिल्हा शाखेच्या एका मासिक सभेत व्याख्यान संपल्यावर आंतरवासिता करणारी एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, एम.डी. कोणत्या विषयात करावे, म्हणजे पुढे पश्चात्ताप होणार नाही?" सभागृहात हशा पिकला. ज्येष्ठांनी आपापल्या परीने उत्तरे दिली. पंचकर्म करणाऱ्यांनी पंचकर्म सांगितले, शल्यतंत्राच्या मंडळींनी क्षारसूत्राचे दाखले दिले, एका अध्यापक महोदयांनी द्रव्यगुणाचा पुरस्कार केला. ती पुन्हा म्हणाली, "आणि कोणत्या रुग्णालयात?" या दुसऱ्या प्रश्नावर मात्र सगळेच थोडे घुटमळले. मीही त्याला अपवाद नव्हतो.

प्रश्न जुनाच आहे. परंतु ज्या समाजात या दोन प्रश्नांच्या उत्तरावर वैद्याचे सारे आयुष्य अवलंबून असते, ज्यांनी शंभर वर्षे याच उत्तरांची किंमत मोजली, अशा एका वैद्यसमूहाविषयी गेली काही वर्षे मी वाचत आहे. त्यांची परंपरा आपल्याइतकी प्राचीन नाही, पण प्रस्थापित वैद्यकाच्या शेजारी स्वतःचे घर बांधून राहण्याचा त्यांचा अनुभव आपल्याला परिचित वाटावा असा आहे. हा समूह म्हणजे अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक डॉक्टर.

त्यांची पदवी डी.ओ. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे पाटीवर नावापुढे डी.ओ. दिसले की नेत्ररोगाची पदविका असे आपण समजतो. अमेरिकेत डी.ओ. म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. ही पदवी घेणारा तेथील एम.डी.प्रमाणेच चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण घेतो, औषधे लिहितो, शस्त्रक्रिया करतो आणि सर्व पन्नास राज्यांत पूर्ण परवान्याने व्यवसाय करू शकतो. इंग्लंडमध्ये किंवा युरोपात ज्यांना ऑस्टिओपॅथ म्हणतात ते केवळ हस्तोपचार करतात. नामसाम्यामुळे घोटाळा होतो, म्हणून हे आधीच सांगितले.

या पद्धतीचे प्रवर्तक अँड्र्यू टेलर स्टिल हे सीमाप्रदेशात वैद्यकी करणारे डॉक्टर होते. १८६४ साली मस्तिष्कावरणाच्या तापाने त्यांची तीन मुले गेली आणि त्या काळच्या पारा, अफू, मद्य या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. अस्थी, स्नायू आणि रक्ताभिसरण यांतील अडथळा हाताने दूर केला तर शरीर स्वतःच बरे होते, असा सिद्धांत त्यांनी १८७४ मध्ये मांडला आणि १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल या लहानशा गावी पहिले महाविद्यालय काढले. पुढे रसायने, जंतुशास्त्र, औषधिविज्ञान हे सारे त्यांच्या अभ्यासक्रमात आले. हस्तोपचार राहिले, पण ते अनेक विषयांपैकी एक झाले. आजमितीस अमेरिकेत चाळीसहून अधिक ऑस्टिओपॅथिक महाविद्यालये आहेत आणि तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश या महाविद्यालयांत शिकतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले-मुलीही त्यांत आहेत. तेव्हा हा विषय आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही.

अमेरिकेत पदवी मिळाली म्हणजे डॉक्टर झाला असे होत नाही. पदवीनंतर रुग्णालयात राहून तीन ते सात वर्षे ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम करावे लागते. त्याला रेसिडेन्सी म्हणतात. कौटुंबिक वैद्यकास तीन वर्षे, सामान्य शल्यचिकित्सेस पाच, मज्जासंस्थेच्या शल्यास सात. आठवड्यास ८० तासांची मर्यादा २००३ पासून घातली गेली, यावरून त्याआधी काय चालत असे याची कल्पना यावी. हे प्रशिक्षण, निदान त्याचे आरंभीचे एक-दोन वर्ष तरी, पूर्ण झाल्याशिवाय बहुतेक राज्यांत परवानाच मिळत नाही. आपल्याकडे बी.ए.एम.एस. झालेला तरुण आंतरवासिता संपवून गावी दवाखाना थाटू शकतो. तिकडे ती वाट नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय योग्यासूत्रीय, म्हणजे हाताने कर्माभ्यास करण्याचा, आणि दहावा विशिखानुप्रवेशनीय, म्हणजे व्यवसायात पाऊल टाकण्याचा. रेसिडेन्सी ही या दोन अध्यायांच्या मधली जागा होय. अमेरिकेत ती ओलांडल्यावाचून दहावा अध्याय उघडत नाही.

ही जागा मिळते ती मॅच नावाच्या पद्धतीने. विद्यार्थी आपल्या पसंतीच्या रुग्णालयांची क्रमवार यादी देतो, रुग्णालये आपल्या पसंतीच्या विद्यार्थ्यांची देतात आणि संगणक दोन्ही याद्यांचा मेळ घालतो. मार्चमधील एका सोमवारी विद्यार्थ्याला जागा मिळाली की नाही एवढेच कळते; कोठे मिळाली हे शुक्रवारी. निकाल दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो. दोन लाख डॉलरहून अधिक शैक्षणिक कर्ज डोक्यावर असलेल्या मुलाचे ते चार दिवस कसे जात असतील ते त्याच्या आईवडिलांनाच विचारावे.

ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांच्या बाबतीत हा प्रश्न दुपदरी होता, आणि त्याचे मूळ त्यांच्या इतिहासात आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एम.डी. मंडळींच्या रुग्णालयांनी डी.ओ. डॉक्टरांना दारे बंद ठेवली होती. त्यांच्याशी व्यावसायिक संबंध ठेवणे हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नीतिनियमांत निषिद्ध होते. तेव्हा डी.ओ. मंडळींनी स्वतःची रुग्णालये उभी केली. डेट्रॉईट, कोलंबस, डेटन, फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी येथे त्यांची रुग्णालये होती. लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात त्यांच्यासाठी वेगळा विभाग होता. या रुग्णालयांतूनच त्यांचे स्वतःचे शल्यविशारद, स्वतःचे अस्थिरोगतज्ज्ञ, स्वतःचे क्ष-किरणतज्ज्ञ तयार झाले. १९३९ च्या सुमारास त्यांनी स्वतःची विशेषज्ञ-प्रमाणन मंडळेही स्थापन केली. घर लहान होते, पण स्वतःचे होते.

१९६६ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी सैन्याच्या वैद्यकीय दलांत डी.ओ. डॉक्टरांना एम.डी.च्या बरोबरीने घेण्याचा आदेश दिला. १९६९ च्या सुमारास अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही आपल्या मान्यतेच्या रेसिडेन्सी त्यांना खुल्या केल्या. आता तरुण डी.ओ.समोर दोन दारे होती. फिलाडेल्फियाच्या ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयातून १९६७ मध्ये पदवी घेतलेले रोनाल्ड ब्लँक सैन्यात गेले, त्यांनी वॉल्टर रीड या सुप्रसिद्ध लष्करी रुग्णालयात अंतर्गत वैद्यकाची रेसिडेन्सी केली, पुढे त्याच रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि १९९६ मध्ये अमेरिकी भूदलाचे सर्जन जनरल. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले डी.ओ. दहा वर्षे आधी जन्मले असते तर हे दार त्यांना उघडेच मिळाले नसते.

मात्र दोन दारे म्हणजे दुप्पट सुख नव्हे. दोन्ही दारांची कुलपे वेगळी होती.

अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशनची स्वतःची मॅच फेब्रुवारीत होई; सर्वसाधारण मॅच मार्चमध्ये. ज्याला फेब्रुवारीत जागा मिळाली त्याचे नाव मार्चच्या यादीतून आपोआप वगळले जाई. समजा एखाद्या मुलीला अस्थिशल्य करायचे आहे. ऑस्टिओपॅथिक रुग्णालयांत या विषयाच्या जागा थोड्या, पण त्या केवळ डी.ओ.साठी राखीव, चौथ्या वर्षी तेथे महिनाभर काम करून दाखविले की ज्येष्ठ तिला ओळखू लागत. विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात जागा अधिक, पण तेथे एम.डी.शी स्पर्धा, आणि डी.ओ. म्हटल्यावर अर्ज बाजूला ठेवणारे विभागप्रमुखही होते. फेब्रुवारीची यादी दिली तर मार्च हातचा गेला. मार्चची वाट पाहिली तर फेब्रुवारी गेला. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागावे की नाही, हा निर्णय पंचविशीतील मुलांनी घ्यायचा होता.

निर्णयाचे परिणाम पुढे वर्षानुवर्षे उमटत. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, फ्लोरिडा, ओक्लाहोमा आणि वेस्ट व्हर्जिनिया या पाच राज्यांत परवान्यासाठी पहिले वर्ष ऑस्टिओपॅथिक मान्यतेचेच असावे लागे. दुसऱ्या दाराने गेलेला डी.ओ., कितीही नामांकित रुग्णालयात शिकलेला असो, फिलाडेल्फियात आईवडिलांजवळ दवाखाना उघडू पाहील तर तेथे अडत असे. २००० साली असोसिएशनने अशांना कारणे दाखवून मान्यता मिळविण्याची सोय केली, तेव्हा ही गाठ थोडी सैल झाली. उलट, ऑस्टिओपॅथिक दाराने गेलेल्यास त्याच्या स्वतःच्या मंडळाचे प्रमाणपत्र मिळे. ते काही रुग्णालयांच्या नियमावलीत बसे, काहींच्या बसत नसे. ज्या महाविद्यालयात त्याला अध्यापक व्हायचे होते तेथे विचारले जाई, हे मंडळ कोणते?

कॅलिफोर्नियातील घटना याहून कठोर होती. १९६१-६२ मध्ये तेथील ऑस्टिओपॅथिक संघटना एम.डी.च्या राज्य संघटनेत विलीन झाली. लॉस एंजेलिसच्या ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयाने नाव बदलून सुमारे दोन हजार डी.ओ. डॉक्टरांना पासष्ट डॉलर शुल्क घेऊन एम.डी. पदवी दिली. १९६२ च्या जनमतचाचणीने राज्यात नव्या डी.ओ.ना परवाना देणे थांबले. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ते पुन्हा सुरू झाले. या पासष्ट डॉलरच्या पदवीची चेष्टा झाली ती झालीच, पण खरा आघात विशेषज्ञांवर झाला. ज्यांनी ऑस्टिओपॅथिक रुग्णालयांत शल्य वा अन्य विषयांचे प्रशिक्षण घेतले होते, त्यांच्या नावापुढे आता एम.डी. होते, परंतु एम.डी.च्या प्रमाणन मंडळांच्या दृष्टीने त्यांची रेसिडेन्सी जणू झालीच नव्हती. आणि ज्या मंडळाने त्यांना विशेषज्ञ म्हटले होते ते मंडळ त्यांनी मागे सोडले होते. पदवी एका दिवसात बदलता आली. प्रशिक्षण कोठे झाले हे बदलता आले नाही. आपल्याकडे 'सर्व पॅथी एक करा' असे उठसूट म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा अवश्य वाचावे असे मला वाटते.

२००० नंतरच्या दशकात निम्म्याहून अधिक डी.ओ. पदवीधर दुसऱ्या दारानेच जाऊ लागले होते. तशात २०११ मध्ये एम.डी. रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या परिषदेने, म्हणजे ए.सी.जी.एम.ई.ने, एक प्रस्ताव मांडला. आमच्या मान्यतेच्या रुग्णालयात ज्याने रेसिडेन्सी केली असेल त्यालाच यापुढे आमच्याकडील अतिविशेष प्रशिक्षण मिळेल, असा त्याचा आशय होता. याचा अर्थ असा की ऑस्टिओपॅथिक रुग्णालयात अंतर्गत वैद्यक शिकलेल्याला हृदयरोगतज्ज्ञ व्हायचे असेल तर मोठ्या केंद्रांची वाट बंद. ऑस्टिओपॅथिक अतिविशेष जागा मोजक्याच होत्या. अनेकांनी तीन वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय असा मागून येऊन दार लावणार होता.

वाटाघाटी झाल्या, फिसकटल्या, पुन्हा झाल्या. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी दोन्ही बाजूंनी एकच मान्यता-व्यवस्था स्वीकारल्याचे घोषित केले. त्या वर्षीच्या जुलैतील ऑस्टिओपॅथिक प्रतिनिधीसभेने विरोध असतानाही तिला संमती दिली. १ जुलै २०१५ ते ३० जून २०२० हा संक्रमणाचा काळ ठरला. २०१९ मध्ये ऑस्टिओपॅथिक मॅच अखेरची झाली आणि २०२० पासून सारे एकाच रांगेत उभे राहिले.

काय मिळाले? आकडे बोलके आहेत. २०२० मध्ये डी.ओ.च्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ९०.७ टक्क्यांना जागा मिळाली. २०२५ मध्ये ९२.६ टक्क्यांना. एम.डी.च्या विद्यार्थ्यांचे २०२५ मधील प्रमाण ९३.५ टक्के. म्हणजे अंतर जवळजवळ पुसले गेले. फेब्रुवारी-मार्चचा पेच सुटला, अतिविशेष प्रशिक्षणाची दारे उघडली.

काय गेले? जी अस्थिशल्याची, कान-नाक-घशाची, मूत्रमार्गशल्याची जागा केवळ डी.ओ.साठी राखीव असे, तिच्यासाठी आता एम.डी.ही अर्ज करतो. बहुसंख्य ऑस्टिओपॅथिक कार्यक्रमांनी नवी मान्यता मिळविली, तरी काही लहान रुग्णालयांनी अध्यापकसंख्या, संशोधन आणि कागदपत्रांच्या अटी पाहून अर्जच केला नाही किंवा अर्ध्यावर हात टेकले. खेड्यापाड्यांकडची ती रुग्णालये होती. त्यांत शिकलेले शल्यविशारद बहुधा तेथेच स्थिरावत. एकूण टक्केवारी चांगली दिसते, पण ती सर्व विषय मिळून आहे. त्वचारोग, सौंदर्यशल्य, मज्जाशल्य या विषयांत डी.ओ. आजही विरळाच दिसतात. सरासरीच्या आकड्यांत अशी दुखणी लपतात. नाडीची गती ठीक असली म्हणून रोग नाही असे आपण म्हणत नाही.

याचे एक कारण परीक्षा. डी.ओ.ना स्वतःची कॉमलेक्स परीक्षा द्यावीच लागते. स्पर्धेच्या विषयांसाठी एम.डी.ची यू.एस.एम.एल.ई. सुद्धा द्यावी असा अलिखित दंडक आहे, कारण अनेक विभागप्रमुखांना कॉमलेक्सचे गुण वाचताच येत नाहीत किंवा वाचायचे नसतात. त्याच ज्ञानाची दोनदा परीक्षा, दोनदा शुल्क. २०२२ मध्ये दोन्ही परीक्षांचा पहिला टप्पा केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाला. आता सारा भार दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर आणि महाविद्यालयाच्या नावावर आला. नावाच्या बाजारात लहान गावच्या महाविद्यालयाचा विद्यार्थी मागे पडतो हे सांगणे नको. शिवाय अनेक ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांना स्वतःचे मोठे रुग्णालय नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी विद्यार्थी निरनिराळ्या गावच्या रुग्णालयांत विखुरतात. त्यांना रुग्ण भरपूर पाहायला मिळतात, पण संशोधनाचा कागद आणि नामवंताचे शिफारसपत्र मिळत नाही.

तेव्हा डी.ओ. पदवीधरांपैकी निम्म्याहून अधिक कौटुंबिक वैद्यक, अंतर्गत वैद्यक आणि बालरोग या प्राथमिक विषयांत जातात. त्यांची महाविद्यालये हे अभिमानाने सांगतात, आणि ग्रामीण अमेरिकेला अशा डॉक्टरांची नितांत गरजही आहे. परंतु किती जण आवडीने गेले आणि किती जण दुसरे मिळाले नाही म्हणून, हा भेद अभिमानाच्या पत्रकांत नसतो. प्राप्तीतही मोठी तफावत आहे. अस्थिशल्यविशारदाचे उत्पन्न कौटुंबिक डॉक्टरच्या साधारण दुप्पट असते, आणि ही तफावत डी.ओ. की एम.डी. यावरून पडत नाही, विषयावरून पडते. कर्ज मात्र दोघांचे सारखेच. त्यामुळे काही जण शासकीय वा धर्मादाय रुग्णालयात दहा वर्षे काम करून उरलेले कर्ज माफ करून घेण्याची २००७ पासूनची योजना डोळ्यांसमोर ठेवून जागा निवडतात.

विषय निवडताना बाजाराचा अंदाज बांधणेही सोपे नाही. आपत्कालीन वैद्यक हा डी.ओ.चा आवडता विषय. निश्चित पाळ्या, चांगले वेतन, तीन-चार वर्षांचे प्रशिक्षण. जागा भराभर वाढल्या. २०२१ मध्ये त्या शाखेच्याच संघटनेने अभ्यास करून सांगितले की २०३० पर्यंत गरजेपेक्षा सुमारे आठ हजार डॉक्टर जास्त होतील. झाले! २०२२ च्या मॅचमध्ये या विषयाच्या २१९ जागा रिकाम्या राहिल्या, २०२३ मध्ये ५५४. त्यानंतर ओघ पुन्हा वळला आणि २०२४ मध्ये १३५ च रिकाम्या उरल्या. ज्या वर्षी सगळे पळाले त्या वर्षी शांतपणे आत शिरलेल्यांना चांगली रुग्णालये मिळाली. आपल्याकडे एके काळी जो-तो पंचकर्म केंद्र काढीत सुटला होता त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

बरे, चुकले तर बदलता येते का? येते, पण महागात पडते. रेसिडेंटचे वेतन मुख्यतः मेडिकेअर या शासकीय विमा योजनेतून रुग्णालयास मिळते. १९९७ च्या कायद्याने अशा अनुदानित जागांची संख्या गोठविली आहे. शिवाय प्रत्येक उमेदवाराने प्रथम जो विषय घेतला त्याच्या कालावधीपुरतेच पूर्ण अनुदान असते. तीन वर्षांच्या कौटुंबिक वैद्यकात शिरलेला मुलगा दोन वर्षांनी शल्याकडे वळू म्हणाला तर नव्या रुग्णालयास त्याच्यासाठी पूर्ण पैसे मिळत नाहीत. विभागप्रमुख तोंडाने हे सांगतीलच असे नाही, पण हिशेबनीस सांगतो.

आणि ज्यांना जागाच मिळत नाही त्यांचे काय? पदवी आहे, कर्ज आहे, परवाना नाही. ज्या मिसूरी राज्यात ऑस्टिओपॅथी जन्मली, त्याच राज्याने २०१४ मध्ये कायदा करून अशा पदवीधरांना डॉक्टरच्या देखरेखीखाली साहाय्यक म्हणून डॉक्टरविहीन भागांत काम करण्याची मुभा दिली. पूर्ण डॉक्टर नव्हे, परिचारक नव्हे, असे हे अर्धे पद.

रुग्णालयाची निवड विषयाइतकीच महत्त्वाची, हे तिकडचे ज्येष्ठ पुन्हा पुन्हा बजावतात. रेसिडेन्सी संपविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक डॉक्टर ज्या राज्यात शिकले त्याच राज्यात व्यवसाय करतात. ओळखी तेथल्या, संदर्भ तेथले, बहुधा जोडीदारही तेथलाच. शिवाय रुग्णालय टिकेल का हेही पाहावे लागते. २०१९ मध्ये फिलाडेल्फियातील हॅनिमन विद्यापीठ रुग्णालय दिवाळखोरीत बंद पडले आणि पाचशेहून अधिक रेसिडेंट डॉक्टर प्रशिक्षणाच्या मध्येच नव्या जागा शोधीत वणवण फिरले.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्टिल यांनी ज्या हातांच्या बळावर हे शास्त्र उभे केले, त्या हस्तोपचाराचे काय झाले? २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निम्म्याहून अधिक डी.ओ. डॉक्टर आपल्या पाच टक्क्यांहूनही कमी रुग्णांवर हस्तोपचार करीत असल्याचे आढळले. महाविद्यालयात दोन वर्षे शिकविलेले कर्म रेसिडेन्सीत कोणी करीत नाही, म्हणून हाताला विसरते. शिकविणारा ज्येष्ठ एम.डी. आहे, रुग्णामागे मिनिटे मोजलेली आहेत. तेथे पाठीच्या दुखण्यावर हात ठेवण्याऐवजी गोळी लिहून देणे सोपे पडते. कर्माभ्यासाची वर्षे ज्या वातावरणात जातात तेच वातावरण पुढे तीस वर्षे हातात राहते.

हे ध्यानात घेऊनच २०१४ च्या करारात एक तरतूद झाली. जी रेसिडेन्सी हस्तोपचार व ऑस्टिओपॅथिक विचार प्रत्यक्ष शिकवील तिला 'ऑस्टिओपॅथिक मान्यता' असे विशेष अभिधान मिळते. केवळ याच कर्माला वाहिलेली स्वतंत्र रेसिडेन्सीही आहे. गंमत अशी की या मान्यताप्राप्त ठिकाणी एम.डी. पदवीधरांनाही प्रवेश आहे आणि काही जण आवडीने येतात. डी.ओ. विद्यार्थी मात्र नामांकित रुग्णालयाच्या मागे धावताना हे अभिधान आहे की नाही, हे पाहतोच असे नाही.

आपली परिस्थिती वेगळी आहे, हे मी जाणतो. बी.ए.एम.एस.च्या आधारे अमेरिकेत रेसिडेन्सी मिळत नाही, आणि आपल्या तीन वर्षांच्या एम.डी.-एम.एस.वाचूनही येथे व्यवसाय अडत नाही. तरीही विषयनिवडीचे कायदेशीर वजन आपल्याकडेही वाढत चालले आहे. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्यतंत्राच्या पदव्युत्तरांसाठी ३९ आणि शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तरांसाठी १९ शस्त्रकर्मे नमूद केली. इंडियन मेडिकल असोसिएशनने ११ डिसेंबर २०२० रोजी देशभर काम बंद ठेवून तिचा निषेध केला, आपण तिचे स्वागत केले. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. यादीतील कर्मांपैकी किती कर्मे आपल्या प्रत्येक पदव्युत्तर रुग्णालयात विद्यार्थ्याच्या हातून खरोखर होतात? यादीत नाव असणे आणि हाताला सवय असणे यांत किती अंतर असते, हे आपल्यापैकी ज्यांनी पदव्युत्तर वर्गाचे वॉर्ड आतून पाहिले आहेत त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

त्या विद्यार्थिनीला मी सभेनंतर एवढेच म्हटले की विषय तू ठरव, पण प्रवेशाचा पर्याय भरण्यापूर्वी त्या त्या रुग्णालयात एक दिवस जाऊन बस. नोंदवहीतील आंतररुग्ण आणि खाटेवरचे आंतररुग्ण मोजून पाहा. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचार की गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने किती बस्ती दिले, किती क्षारसूत्रे बांधली, किती वेळा गुरुजी शेजारी उभे होते. तिने पर्समधून छोटी वही काढून हे लिहून घेतले. दीड महिन्यानंतर तिचा दूरध्वनी आला. चार ठिकाणी जाऊन आली होती. गुणानुक्रमाने सर्वांत वरचे मिळू शकणारे महाविद्यालय तिने यादीत तिसऱ्या क्रमांकावर टाकले होते. पहिल्या क्रमांकावर होते एक तालुक्याच्या ठिकाणचे रुग्णालय, जेथे ती गेली त्या दिवशी एकही खाट रिकामी नव्हती.